एकोणिसावा धडा

— नाही हो, लॅपटॉप मिळेल, मी कुठे नाही म्हणतोय, तुमच्या ऑफिसचाच आहे, खाली नंबराची पट्टी आहे, ती कुणी खरवडलेली नाही, बघा हवं तर उलटा करून — पण त्या दुसऱ्या कागदावर मी सही करणार नाही. पहिल्यावर करतो. लॅपटॉप, चार्जर, माउस, मिळाले. बरोबर. ही घ्या सही. दुसऱ्यावर नाही. बसा तुम्ही. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, तिच्यावर फक्त दादालाच बसता यायचं. पलंगावर बसा. हो, त्याच्याच. गादी परवा उन्हात घातली होती, चादर धुतलेली आहे. आणि जरा हळू बोला, आई पलीकडच्या खोलीत पडली आहे, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.

वाचलं ना, वाचलं मी. आठवीत दोनदा बसलो म्हणजे अक्षरं विसरलो असं नाही. हे बघा, 'लसींच्या शीतगृहातील धोक्याच्या सूचनेचा प्रोग्रॅम संबंधित कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे अपूर्ण ठेवल्यामुळे संपूर्ण साठा वाया गेला. कर्मचारी मयत असल्याने चौकशी बंद करण्यात येत आहे. कुटुंबाने वाचून मान्य केले.' खाली रेघ. रेघेवर मी. आणि त्याच्या वर, अहवाल लिहिणार, म्हणून कुणाची सही आहे? तुमची. सहा वर्षं तुमची टेबलं शेजारी शेजारी. दादा घरी तुमचं नावसुद्धा घ्यायचा नाही, 'जोडीदार' म्हणायचा — जोडीदार असं म्हणाला, जोडीदाराने तसं केलं — आम्हाला वाटायचं, बैलजोडी आहे की काय. आणि त्या जोडीदाराने हे लिहिलं. संबंधित कर्मचारी. कर्मचारी मयत. तेवीस दिवस झाले साहेब त्याला, राख अजून आई हलवू देत नाही, आणि तुम्ही निष्काळजी लिहून आणता. चपला काढल्या तरी एकाला एक लावून ठेवायचा तो. मी भिरकावायचो, तो माझ्याही लावायचा. तो निष्काळजी?

प्रश्नच नाही. त्याने ते रिकामं सोडलंच नसेल. तुमच्या ऑफिसातल्याच कुणीतरी नंतर उघडून काहीतरी खुडबुड केली असणार आणि गेलेल्या माणसावर ढकलून मोकळे. मेलेला काय बोलायला येतोय? — हसताय का? नाही, तोंड वाकडं केलंत तुम्ही, मी बघितलं. मोटारी गुंडाळणाऱ्याला यातलं काय कळतं, असंच ना? खरं आहे, मी गुंडाळतोच. जळालेली मोटार येते, जुनी तांब्याची तार ओरबाडून काढायची, नवी मोजून भरायची, वार्निश मारायचं, दिवसाला तीन मोटारी. ही बोटं बघा, घासली तरी काळी ती काळीच. पण थांबा. लॅपटॉप द्या इकडे. दोन मिनिटं. तसाही तुम्हालाच द्यायचाय, पळून नाही जात घेऊन.

हे बघा. इंटरफेस. आता इंटरफेस म्हणजे काय — तुम्हाला माहीत आहे, तुम्ही शिकलेले, पण माझ्या तोंडून ऐका. भिंतीवर बटणांचा बोर्ड बसवायचा असला तर घरमालक कागदावर यादी देतो, दिव्याचं बटण पाहिजे, पंख्याचं पाहिजे, घंटेचं पाहिजे. नुसती यादी. तार नाही, बल्ब नाही, काही नाही. तो झाला इंटरफेस. आणि क्लास म्हणजे बोर्ड बसवणारा मिस्त्री. मिस्त्री सांगतो, मी ही यादी पाळणार — ते इम्प्लिमेंट्स. एकदा म्हणालास की यादीतलं एकही बटण गाळता येत नाही. गाळलंस की लाल रेघ. क्लासच्या नावाखालीच येते, ही बघा, आणि खाली लिहून येतं की यादीतलं अमुक काम तू केलेलं नाहीस. बरोबर आहे ना? आहे ना बरोबर? मग.

ही पहिली चूक. सगळे नवशिके करतात, दादा म्हणायचा. दुसरी ही — काम लिहिलंय, सगळं लिहिलंय, तरी लाल. का? तर पुढे पब्लिक लिहिलं नाही. यादीतलं काम सगळ्यांसाठी उघडं असतं, तू ते दाराआड करायला बघतोस, चालत नाही. पब्लिक लिहिलं, गेली रेघ. तिसरी — ही डोकं खाते. नाव तेच, काम तेच, फक्त यादीत पहिलं अक्षर लहान लिपीतलं आणि मी लिहिलं मोठ्या लिपीतलं. आपल्याला दिसतं एकच, मशीनला दोन. माझं काम तिथे आपलं वेगळंच लोंबकळत राहतं आणि यादी ओरडतेय माझं कुठेय, माझं कुठेय. दोन दिवस डोकं आपटलं मी त्याच्यावर. मग त्याने वर ओव्हरराइड लिहायची सवय लावली, म्हणजे नाव यादीशी जुळलं नाही की लगेच चुगली होते. आणि एकदा तर मी मिस्त्रीला सोडून यादीलाच न्यू करून, म्हणजे कामाला उभं करून म्हटलं, वाज. यादी कशी वाजेल? दादा हसून हसून पलंगावर आडवा झाला. म्हणाला, अरे कागदावर बटण काढून दाबतोयस तू. — असा हसला होता तो, तुम्ही बसलात ना, तिथेच.

कधी म्हणजे? शिकवायचा तो मला. संध्याकाळी. मी सातला दुकानातून यायचो, हातपाय धुवायचे, आणि सात ते आठ धडा. आठ महिने. म्हणाला, तुला त्या वार्निशच्या वासातून बाहेर काढतो, फुफ्फुसं जातील तुझी. मी म्हटलं, दादा, मी आणि कॉम्प्युटर? आठवीचे मास्तर ऐकतील तर झीट येईल त्यांना. तो म्हणाला, मास्तरांना तुला शिकवता आलं नाही, तो त्यांचा दोष. असं कुणी बोललं होतं का मला आजवर? बापाने नाही, मास्तराने नाही. धडा एक, धडा दोन. आणि दहापैकी मार्क. मला पहिल्याला तीन मिळाले, नंतर चार, मग एकदा सात मिळाले तर मी दुकानात पोरांना सांगत सुटलो. दुकानाचा मालक म्हणतो, सातात पास धरतात का रे?

पद्धतसुद्धा कशी, ऐका. टाइप मीच करायचं. म्हणायचा, हातातून गेलं की डोक्यात राहतं. आणि झालं की पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवायचं, कंस उघडला, कंस मिटला, सकट. तो डोळे मिटून पडून राहायचा. म्हणायचा, कोड कानाने तपासता आला पाहिजे, डोळे फसवतात. मला वाटायचं, केवढं मोठं काहीतरी सांगतोय. मी दुकानात पण तसंच सांगायला लागलो, मोटार कानाने तपासायची. — काय? हो, शेवटपर्यंत तसंच. एकोणीस धडे तसेच झाले.

एकोणीस. का? — नाही, मी असंच म्हटलं. तुम्हाला काय करायचंय एकोणिसाशी? — कुठली फाइल? दाखवा. — हं.

हं. हीच. शीतगृहाची.

बरं, मग ऐका. आता बोललोच आहे तर ऐका. पण आधी एक सांगा — त्याला दिसत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं? नाही ना? आम्हालाही नव्हतं. घरात, एका छपराखाली, मला नाही, आईला नाही. डोक्यात गाठ होती, डोळ्यांच्या शिरेवर दाबत होती, आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर, शेवटी शेवटी उजेड आणि अंधार इतकंच. शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टर आम्हाला विचारतो, आठ महिन्यांपूर्वी मी यांना सांगितलं होतं, घरच्यांना बोलले नाहीत? आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे. आठ महिने. धडे आठ महिने. बोटं मोजायला गणित लागत नाही साहेब. खुर्चीवर बरोबर बसायचा, पाण्याचा तांब्या बरोबर उचलायचा, कारण त्या तांब्याची जागा तो कुणाला हलवू द्यायचा नाही. आम्ही म्हणायचो, फारच टापटीप बुवा.

आणि तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी हा लॅपटॉप उघडला. म्हटलं, धडे बघू, त्याचा आवाज तरी आठवेल. तर पाठवलेल्या पत्रांत माझे धडे. ओळीने. धडा चार म्हणजे तुमच्या ऑफिसचं गोदामाचं काम. धडा नऊ म्हणजे कुठल्याशा दवाखान्याची रांग. मी कंस चुकवून चुकवून केलेलं, त्याच्या नावाने, तुम्हाला पाठवलेलं. मला शिकवत नव्हता तो. राबवत होता. त्याचे डोळे गेले म्हणून माझे वापरले, त्याचे हात चाचपडायला लागले म्हणून माझे घेतले, आणि वर मार्क द्यायचा. दहापैकी सात. मी येडा, सात मिळाले म्हणून नाचतोय. मला सरळ म्हणाला असता, अरे मला दिसत नाही, माझी नोकरी जाईल, बस इथे आणि टाइप कर — मी नाही म्हटलं असतं? दुकान सोडून बसलो असतो. रात्रंदिवस बसलो असतो. पण नाही. धडा म्हणे. मला प्रोग्रॅमर करणार म्हणे. सख्खा भाऊ आणि अशी टोपी घातली. त्या दिवशी मी चिता पेटवल्याचंसुद्धा विसरलो, इतका राग आला. अजून आहे. कुणावर काढू? फोटोवर?

नाही, शिकलो ना. ते खरं. शिकलो. आत्ता तुमच्यासमोर चार चुका धरून दाखवल्या. ते खोटं नाही. त्यामुळेच तर जास्त कळत नाही काय करावं.

बरं, एकोणीस. तीच यादी. चार कामं. घंटा वाजव, घंटा थांबव, निरोप पाठव, निरोप पोचला का. इंग्रजी नावं होती, मी मनात अशीच म्हणायचो. शीतगृह तापलं की इमारतीतली घंटा वाजवायची, आणि तिथे कुणी नसलं तर म्हणून जबाबदार माणसाच्या फोनवर निरोप. तो जाईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचा. पोचला असं उत्तर आलं की थांबायचं. मला वाटलं, दादाने बसून बनवलेलं गणित आहे. शीतगृह, लसी, काय काय सुचतं याला. खऱ्या लसी आहेत हे मला कुणी सांगितलं? तुम्ही सांगा, सांगितलं कुणी?

त्या दिवशी आमचा सामना होता. मैदानावर, साडेसातला, दिव्यांखाली, शेवटचा सामना, आणि पहिली ओव्हर माझी. सातला घरी आलो तर दादा म्हणतो, आजचा धडा आजच व्हायला पाहिजे. म्हटलं, उद्या करू. नाही म्हणाला. आवाज चढवला, तो कधी चढवत नाही. मग मी बसलो, पण माझं बूड काही टेकलेलं नव्हतं. घंटेची दोन कामं नीट केली. वाजव, थांबव. शपथेवर सांगतो, नीट केली, ती अजूनही चालतात, त्या रविवारी शीतगृह तापलं तेव्हा तुमच्या रिकाम्या इमारतीत घंटा वाजतच होती की नाही? वाजत होती. निरोपाची दोन राहिली. क्लासच्या नावाखाली लाल. बाहेर पोरं शिट्ट्या मारतायत. आणि दादा पलंगावरून विचारतोय, किती लाल? किती लाल राहिल्या?

तुम्हाला तो पिवळा दिवा माहीत आहे ना. लाल रेघेवर बाण नेला की बाजूला उगवतो. त्याच्यावर दाबलं की राहिलेली कामं तो आपणच मांडून देतो. नाव लिहितो, पब्लिक लिहितो, कंस उघडतो, कंस मिटतो. आत कामाचं काही नाही. बोर्डावर बटण चिकटवलंय, मागे तारच नाही. आणि मशीन काय करतं? खूश. ते बटणं मोजतं, तारा बघत नाही. दादाने तिसऱ्याच धड्याला सांगितलं होतं, त्या दिव्याला हात लावायचा नाही, तो लाल पुसतो, काम करत नाही.

मी दाबला.

म्हटलं, शून्य लाल. तो म्हणाला, चालवून बघ. चालवलं, तर निरोप पाठव, पोचला नाही, पाठव, पोचला नाही, पाठव, पोचला नाही — खाली ओळींचा नुसता पाऊस. थांबेच ना. कारण त्या दिव्याने पोचला का याच्यात आपण होऊन 'नाही' टाकलं होतं. फॉल्स. मशीन खरं बोलत होतं साहेब. मी पाठवलेलंच नाही, तर पोचणार कुठून. ते बिचारं ओरडून सांगत होतं. मी ते पुसून तिथे ट्रू, म्हणजे 'हो', लिहिलं. चार अक्षरं. लगेच गप्प झालं. निरोप पोचला. एकदम शहाण्यासारखं.

हो. मीच. तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवलंय ना, तेच ते ट्रू.

मला शर्ट बदलायचा होता, तो बदलत होतो तेव्हा दादा पलंगावरून म्हणाला, रिकामं तर नाही ना ठेवलंस काही? म्हटलं, नाही. तो म्हणाला, दोन्ही निरोपांच्या आत लिहिलंस? म्हटलं, लिहिलं रे दादा, किती विचारशील. मग म्हणाला, आज वाचून नको दाखवूस, जा, तुझा सामना आहे. त्याला ऐकू येत होत्या ना शिट्ट्या. आणि म्हणाला, दहापैकी दहा. पहिल्यांदा. एकोणीस धड्यांत पहिल्यांदा. आईला हाक मारून सांगितलं, ऐकलंस का, धाकट्याने दहा काढले. आणि मला म्हणाला, जाताना तेवढं पाठवून दे, नाव भरलेलं आहे. मी विचारलं, कुणाला जातं हे? म्हणाला, जोडीदाराला. तो तपासतो.

तर पाठवलं ते मी. या बोटाने. आणि आलं तुमच्याकडे.

आता तुम्ही सांगा. तुमचं काम तपासायचंच ना? आता खिडकीबाहेर कशाला बघताय, बाहेर काही नाही, शेजाऱ्यांची टाकी आहे. तुम्ही उघडून बघितलंत? निरोपाची दोन कामं, एकात रिकामा कंस, दुसऱ्यात नुसतं ट्रू. शाळेतल्या पोराला दिसेल. मला दिसतं, तुम्हाला दिसलं नाही? — दादाचं होतं म्हणून. बरोबर. दादाचं म्हणजे चोख असणार, कशाला उघडायचं. दिलं पुढे ढकलून. म्हणजे त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, तुम्ही त्याच्यावर ठेवला, आणि मशीनने आम्हा सगळ्यांवर. पण कागदावर तुम्ही कुठे आहात? 'तपासणाऱ्याने तपासले नाही', ही ओळ कुठे आहे? मला तर सापडली नाही. मी दोनदा वाचला.

नाही, मोठ्याने नाही बोलत. आई उठेल.

पुढचंही ऐका मग. अर्धवट सांगून काय उपयोग. तो रविवार झाला, साठा गेला, सोमवारी तुमच्या ऑफिसचा फोन आला. मी दुकानात होतो, मला नंतर कळलं. मंगळवारी मी घरी आलो तर दादा म्हणतो, एकोणिसावा धडा काढ. आणि वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून. म्हटलं, दहा मार्क जाणार आता. मार्क, साहेब. माझ्या डोक्यात मार्क होते. वाचायला लागलो. क्लास, नाव, इम्प्लिमेंट्स, कंस उघडला. घंटा वाजव, वाचलं. थांबव, वाचलं. मग निरोप पाठव आला. कंस उघडला — आणि आत काहीच नाही, पुढे कंस मिटलेला. तर मी न थांबता वाचत गेलो. मनाने. फोनचा नंबर घे, मजकूर जोड, लाइन उघड, पाठव, लाइन बंद कर. ओळीमागून ओळ, कंसासकट. सगळं बरोबर होतं बघा, एकही चूक नाही, म्हणजे येत होतं मला, ते मी त्या दिवशी पंधरा मिनिटांत लिहूही शकलो असतो. मग पोचला का, तेही तसंच. समोर लिहिलंय ट्रू आणि मी वाचतोय, उत्तर तपास, आलं असेल तर हो, नाहीतर नाही. आंधळ्या माणसापुढे. तेव्हा मला माहीत नव्हतं तो आंधळा आहे. पण डोळे मिटून पडलाय हे तर दिसत होतं ना.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, वाचतोस छान.

एवढंच. पुढचा धडा दिलाच नाही. म्हणाला, डोकं दुखतंय, काही दिवस राहू दे. त्याला कळलं होतं का? तुम्ही शिकलेले आहात, सांगा. कोड नीट असता तर साठा गेला नसता, हे त्याला कळत नसेल? त्याला सगळं कळलं. आणि बुधवारी त्याने तुम्हाला काय लिहिलं ते पण मी वाचलंय, डोकं दुखतंय सांगून आईच्या हातून टाइप करून घेतलं असणार, तिला एकेक अक्षर शोधायला लागलं असणार, कारण शब्द शब्दाला चिकटलेत. 'चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.' बस. संबंध नाही. सख्खा भाऊ, संबंध नाही. कानफटात मारायची ना माझ्या. बोलायचं, गाढवा, काय करून ठेवलंस. मी घरात होतो, पलीकडच्या भिंतीला होतो. डोळ्यांचं आधी सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं की मी उचलून. पण नाही, पाठीशी घातलं मला, आणि मला कळूसुद्धा दिलं नाही की घातलंय. मी पंधरा दिवस खुशाल दहा मार्क मिरवत हिंडलो. ही माया आहे का हो? मला तर दगा वाटतो. मरेपर्यंत दोन्हीकडून खोटंच चाललं, त्याचं माझ्याशी आणि माझं त्याच्याशी, आणि आता मिटवायला तो नाही.

तर म्हणून सही करणार नाही मी. तो निष्काळजी नव्हता. खोडा तो शब्द. माझं नाव लिहा — आठवी नापास, मोटार गुंडाळणारा, याने केलं. लिहा ना. पेन तुमच्याकडेच आहे.

— म्हणजे?

— कुठल्या नियमाने?

हं. म्हणजे बाहेरच्या माणसाला ऑफिसचं काम दिलं. आठ महिने. लपवून. मग ते निष्काळजी नाही. त्याला काय म्हणतात? — फसवणूक. आणि मग चौकशी बंद नाही होत. उघडते. एक ते एकोणीस, सगळी उघडते. आणि आईला बोलावतात, ती टाइप केलेली दोन वाक्यं तुमचीच का म्हणून.

बरं.

म्हणजे एक तर तो निष्काळजी, नाहीतर लबाड. तिसरा शब्द तुमच्याकडे नाही. आंधळा होता, असा रकाना नाही कागदावर. भाऊ होता, असा पण नाही.

तुम्ही हे ऐकायलाच आला होतात की काय? नाही? मग तोंड का पडलंय तुमचं? माझं ऐकून, की तुमचं आठवून? नका सांगू. मला आणखी काही ऐकायचं नाही कुणाचं.

आणा तो कागद. निष्काळजीच राहू दे. आणा म्हटलं ना. इथेच ना, रेघेवर? वाचून मान्य केले. केले. ही घ्या. तिघांनी मिळून केलं, त्यातला एक गेला, त्याच्या नावावर घातलं की उरलेले दोघे मोकळे. मी परत सुटलो बघा. त्याच्याच जिवावर. आणि तुम्हीही सुटलात, तेव्हा माझ्याकडे असं दयेने बघू नका, मला ते सोसणार नाही.

लॅपटॉप पिशवीत घाला. चार्जर राहिला तुमचा. आई उठली वाटतं, बांगडी वाजली. तिने विचारलं तर सांगा, सामान न्यायला आलो होतो, दुसरं काही बोलू नका, मुलगा हुशार होता वगैरे तर मुळीच नको. जा आता. दार ओढून घ्या.